प्रमाणपत्र भिंतीवर, पातेले चुलीवर

परवानाधारक हॉटेल, मिठाईचे दुकान किंवा केटरिंगचा व्यवसाय चालवायचा, तर आता परवान्याबरोबर आणखी एक कागद जवळ असावा लागतो. तो म्हणजे अन्न सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. पूर्वी त्यासाठी शहरातील एखाद्या सभागृहात दिवस घालवावा लागे. कोरोनाकाळापासून हे प्रशिक्षण मोबाइलवरही मिळू लागले. काही तासांचा वर्ग, शेवटी पर्यायी उत्तरांची चाचणी आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटच्या हॉटेलचालकाला त्यासाठी बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्याची गरज उरलेली नाही. ही सोय मोठी आहे. पण नांदूरघाटसारख्या गावात एकाच वेळी सर्वांत जास्त माणसे जो स्वयंपाक जेवतात, तो हॉटेलात होत नाही. तो सप्ताहाच्या मांडवामागे, लग्नाच्या चुलवणावर आणि शाळेच्या स्वयंपाकघरात होतो. तिथल्या हातांपर्यंत हे प्रशिक्षण पोहोचेल, अशी सध्याची रचना नाही. धोका मात्र तिथेच मोठा आहे.

व्यवस्था काय आहे?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा. त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११पासून लागू झाले. परवाना व नोंदणीच्या नियमावलीतील चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेचे निकष दिले आहेत. पिण्यायोग्य पाणी, झाकलेले अन्न, हात धुण्याची सोय, कामगारांची वैद्यकीय तपासणी, आजारी माणसाला स्वयंपाकापासून दूर ठेवणे अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. हे निकष प्रत्यक्ष राबणाऱ्यांना समजावेत म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७मध्ये ‘फॉस्टॅक’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला.

त्याची रचना उतरंडीची आहे. परवानाधारक व्यवसायात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असावा आणि त्याने बाकीच्यांना शिकवावे, अशी अपेक्षा आहे. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची. देशभरातील २५ लाख अन्न व्यावसायिकांना तीन वर्षांत प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट केंद्रीय आरोग्य मंत्र्यांनी २०२३मध्ये जाहीर केले होते.

पर्यवेक्षकाची ही अट मात्र परवानाधारकांसाठी आहे. २०११च्या नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकांना परवान्यातून वगळून केवळ नोंदणी पुरेशी मानली. वडापावची गाडी, चहाची टपरी, घरगुती मेस या साऱ्यांना त्यामुळे दिलासा मिळाला, आणि तो योग्यच होता. त्यांच्यासाठीही मूलभूत पातळीचे अभ्यासक्रम आहेत. पण गावाकडचे बहुतेक खाद्यव्यवसाय याच छोट्या गटातले असल्याने सक्तीचे प्रशिक्षण त्यांच्या वाट्याला येत नाही.

व्याख्येतील एक ओळ

याच नियमावलीत ‘लहान अन्न उत्पादक’ कोणाला म्हणावे, याची व्याख्या आहे. हातगाडीवाले, फिरते विक्रेते आणि तात्पुरते स्टॉल यांच्याबरोबर धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांचाही तीत समावेश आहे. केटरर तेवढे वेगळे काढले आहेत. म्हणजे सप्ताहाचा महाप्रसाद आणि भंडाऱ्याची पंगत कायद्याच्या नजरेतून सुटलेली नाही. व्यवहारात मात्र सप्ताह समितीने आधी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करावी, ही कल्पना गावात कोणाच्या ध्यानीमनी नसते. देणगी, मांडव, कीर्तनकार यांचे नियोजन महिनाभर आधी होते. पाण्याची टाकी कोण धुणार, हा प्रश्न आदल्या संध्याकाळी येतो.

याची किंमत मराठवाडा आणि विदर्भाने २०२४च्या फेब्रुवारीत पाहिली. ६ फेब्रुवारीला एकादशी होती. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे प्रसाद घेतल्यानंतर सुमारे दोन हजार जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दोनच आठवड्यांनी, २० फेब्रुवारीच्या एकादशीला, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे सप्ताहाच्या प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा पुरली नाही. झाडांना दोर बांधून त्यावर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. त्या रात्रीची छायाचित्रे देशभर पोहोचली. दोन्ही ठिकाणी स्वयंपाक गावकऱ्यांसाठी श्रद्धेने केलेला होता. त्यात कोणाचा नफा नव्हता, भेसळीचा हेतूही नव्हता. परवाने आणि दंड यांच्या भाषेत बोलणारी यंत्रणा अशा वेळी अपुरी पडते.

मोठ्या पातेल्याचे शास्त्र

घरच्या चार माणसांचा स्वयंपाक आणि हजार माणसांची पंगत यांत फरक केवळ प्रमाणाचा नसतो. घरातील डाळ तासाभरात निवते. शंभर लिटरच्या पातेल्यातील आमटी मध्यभागी कित्येक तास कोमट राहते. नेमका हाच कोमटपणा जिवाणूंना मानवतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा अन्नासाठी धोक्याचा मानला जातो. अनुकूल स्थितीत अनेक जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जिवाणूचे सात तासांत २० लाखांहून अधिक होतात. पहाटे शिजवलेले अन्न काल्याचे कीर्तन संपल्यावर दुपारी वाढले जाते, तेव्हा तेवढा वेळ सहज गेलेला असतो.

‘चांगले उकळले की सगळे जंतू मरतात’ हा समज अर्धाच खरा आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स आणि बॅसिलस सेरियस या जिवाणूंचे बीजाणू उकळीतही तग धरतात. अन्न निवू लागले की ते पुन्हा वाढू लागतात. पहिला मांसाच्या रश्शात आणि डाळीच्या मोठ्या पातेल्यात, तर दुसरा उरलेल्या भातात हमखास आढळतो. तिसरा, स्टॅफिलोकोकस, माणसाच्या नाकात आणि हातावरच्या चिघळलेल्या जखमेत असतो. बीड आणि धाराशिवच्या सीमेवरील पट्ट्यात खव्याचा मोठा व्यवसाय आहे. त्याच्या दृष्टीने हा जिवाणू महत्त्वाचा. भट्टीवर खवा निर्जंतुक झालेला असतो, पण नंतर तो हाताने मळला, उघडा ठेवला आणि उन्हात वाहून नेला, तर हा जिवाणू त्यात विष तयार करतो. पुन्हा गरम केल्यावर जिवाणू मरतो, त्याचे विष मात्र टिकते.

उपवासाच्या भगरीची गोष्ट आणखी वेगळी. दमट जागी साठवलेल्या भगरीवर आणि तिच्या पिठावर ॲस्परजिलस जातीच्या बुरशीची वाढ होऊन विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणूनच सुटे पीठ घेऊ नये, पाकीटबंद भगर तारीख पाहून घ्यावी, ती निवडून-धुऊन वापरावी, असे आवाहन अन्न व औषध प्रशासन नवरात्रासारख्या उपवासांच्या दिवसांत करत असते.

यातील बहुतेक धोके चवीला, वासाला वा डोळ्यांना कळत नाहीत. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातील गंडामन येथे १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील जेवणातून कीटकनाशकाची विषबाधा होऊन २३ मुले दगावली. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी अन्नाची चव घेण्याचा नियम आहे. तो आवश्यकच आहे, पण स्टॅफिलोकोकसच्या विषाला चव नसते. त्यामुळे चव घेणारा जिभेवर विसंबला तर फसतो. वेळ आणि तापमान पाहणारा फसण्याची शक्यता कमी.

मोबाइलवर काय शिकता येते?

ही माहिती मोबाइलवरून उत्तम देता येते. ती मराठीत, चित्रांसह आणि पुन्हा पुन्हा पाहता येते. अडचण पुढे आहे. प्रशिक्षणाने ज्ञान वाढते, पण वागणे त्या प्रमाणात बदलत नाही, हे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. हात केव्हा धुवावेत, याचे उत्तर चाचणीत बरोबर येते. पण बीडसारख्या जिल्ह्यात टंचाईच्या काळात टँकरची वाट पाहताना ५०० माणसांच्या स्वयंपाकात हातावर किती पाणी ओतले जाईल, हे कोणतीही चाचणी ठरवत नाही. जुलाब होत असतील तर कामावर येऊ नये, हेही आचारी शिकतो. पण एका लग्नाची मजुरी बुडाली तर ती भरून कोण देणार, हे अभ्यासक्रमात नसते. शिवाय मोबाइलवरची चाचणी नेमकी कोणी सोडवली, हे कागद पाहून कळत नाही. पातेल्याजवळ उभी असलेली मावशी वाचू शकत नसेल, तर प्रमाणपत्र मालकाच्या नावाचे आणि काम तिच्या हातचे, अशी फारकत होते.

खर्चाचा प्रश्नही आहेच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात खाद्यगृहातील कामगारांना असे प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि ते ऑनलाइन मिळते. अनेक वर्षे त्याचे पैसे कामगारच भरत. हा पैसा ज्या संघटनेकडे जात होता, तीच वेतनवाढीला विरोध करत होती, हे २०२३मध्ये वृत्तपत्रातून उघड झाले. त्यानंतर राज्याने कायदा केला आणि २०२४पासून हा खर्च मालकावर टाकला. प्रशिक्षणाचा वेळही कामाचा वेळ मानला गेला. शिकण्याचा भार सर्वांत कमी कमावणाऱ्यावर पडला, तर शिकणे हे केवळ कागद मिळवण्यापुरते उरते. हा धडा आपल्याकडेही लागू आहे.

गावाच्या हातातील उपाय

महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत एक पद्धत रुळलेली आहे. स्रोतांची पाहणी होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की गावात चर्चा होते. सामूहिक स्वयंपाकासाठी अशीच सोपी पाहणी शक्य आहे. सप्ताह, भंडारा किंवा मोठ्या लग्नाची माहिती ग्रामपंचायतीला आधी मिळावी. आरोग्यसेवक आणि जलसुरक्षकाने आदल्या दिवशी टाकी व क्लोरिन तपासावे. तपासणीचा हेतू दंडाचा नसून मदतीचा असेल, तरच समित्या स्वतःहून कळवतील.

प्रशिक्षणाची सुरुवात आचाऱ्यांपासून करावी. एका भागातील बहुतेक मोठ्या पंगती मोजकेच आचारी करतात. त्यांना चुलवणाजवळ, त्यांच्याच भांड्यांवर दिलेले तासाभराचे प्रात्यक्षिक मोबाइलवरच्या वर्गाला जोडले, तर उपयोग कितीतरी वाढेल. हा खर्च आचाऱ्यावर न टाकता समिती, ग्रामपंचायत किंवा शासनाने उचलावा. शाळेतील स्वयंपाकी महिलांनाही हेच लागू.

शिकवायचे मुद्दे मोजके आहेत. शिजवणे आणि वाढणे यांत दोन तासांहून अधिक अंतर नको. अंतर पडणारच असेल, तर अन्न वाफाळते ठेवावे. उरलेले अन्न पातेल्यात न ठेवता पसरट परातीत लवकर निववावे. हाताला जखम किंवा पोटाचा त्रास असलेल्याने वाढायला उभे राहू नये. भगर सुटी घेऊ नये. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना स्वच्छ डब्यात झाकून थंड जागी ठेवावा. काही झालेच, तर कारण शोधायला तोच उपयोगी पडतो. अन्नासाठीचा साधा तापमापक काही शे रुपयांत मिळतो. लाखोंच्या मांडवखर्चात तो सहज बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या अंदाजानुसार, दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मृत्यू होतात. त्यांपैकी जवळपास सव्वा लाख पाच वर्षांखालील मुलांचे असतात. पंगतीला सर्वांत आधी याच मुलांना बसवले जाते. नांदूरघाटच्या हॉटेलात प्रमाणपत्राची चौकट लागली, तर ती स्वागतार्हच आहे. गाव सुरक्षित झाले की नाही, हे मात्र पुढच्या सप्ताहात पहाटेच्या आमटीचे पातेले दुपारपर्यंत कसे ठेवले जाते, यावर ठरेल.