ई-२०मुळे एव्हरेज पडलं? मिक्चर ट्यूनिंगचं यंत्र घेण्याआधी हे आकडे बघा

"एव्हरेज पडलंय राव, ई-२०चाच परिणाम असणार." सोलापुरात भवानी पेठेपासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजवर पाच मिनिटं थांबा, हे वाक्य कानावर येतंच. घरी येऊन मोबाइल उघडला की रील हजर: मिक्चर सेट करून घ्या, ईसीयू रिमॅप करा, हे गेज बसवा, एव्हरेज परत मिळवा.

तसं हे इथेनॉल सोलापूरकरांना परकं नाही. सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या राज्यातल्या जिल्ह्यांमध्ये सोलापूरचं नाव वरच येतं आणि इथल्या अनेक कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या इथेनॉल काढतात. ज्या घरात उसाचं बिल येतं, त्याच घरातली जुनी कार आता ते पिते.

केंद्राने २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३०वरून २०२५वर आणलं. फेब्रुवारी २०२३मध्ये निवडक पंपांवर ई-२०ची विक्री सुरू झाली आणि २०२५मध्ये उद्दिष्ट गाठल्याचं जाहीरही झालं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. थोडक्यात, टाकीत काय पडणार हे आपल्या हातात नाही. मग इंजिनाचं काय करायचं?

मिक्चर बिघडतं म्हणजे काय होतं?

शुद्ध पेट्रोलचा १ किलो पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला ९ किलोच पुरते. ई-१०चा आकडा येतो १४.१च्या आसपास, ई-२०चा १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत ई-२० थोडं जास्त फवारावं लागतं. ई-१०वर जुळवलेल्या गाडीत ही वाढ साधारण ४ टक्के.

इंजेक्शनच्या गाडीत हे काम कंप्युटर स्वतः करतो. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर "लीन चाललंय" असं सांगतो आणि ईसीयू इंधन वाढवतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. बहुतेक गाड्यांत २० टक्क्यांच्या आसपास ट्रिम करायला वाव असतो, त्यात हे ४ टक्के सहज बसतात.

मग एव्हरेज का पडतं? एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून. ई-१०वरून ई-२०वर गेल्यावर लिटरमागे ऊर्जा साधारण साडेतीन टक्के घटते. शुद्ध पेट्रोलवरून गेलात तर ७ टक्के. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्क्यांचाच अंदाज आहे.

आता हिशेब करा. ई-१०वर १८ देणारी गाडी ई-२०वर साडेसतराच्या आत-बाहेर यायला हवी. ती १४वर आली असेल तर दोष दुसरीकडेच आहे, इथेनॉलच्या नावावर तो खपतोय. आणि जे साडेतीन टक्के ऊर्जेअभावी गेले, ते कुठलंही रिमॅप परत आणत नाही.

मग घ्यायचं काय?

बहुतेकांसाठी उत्तर एकच: हजार रुपयांच्या आसपास मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर. आपल्याकडे एप्रिल २०१३पासूनच्या कारमध्ये ओबीडी-२ सक्तीचं आहे. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत १६ पिनांचा सॉकेट असतो. स्कॅनर तिथे लावा, मोबाइलवर अॅप घ्या आणि इंजिन पूर्ण तापल्यावर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा. स्वस्त नकली स्कॅनर संथ असतात, पण ट्रिम वाचायला चालतात.

आयडलला आणि २५०० आरपीएमला ट्रिम सारखाच, +३ ते +५ असेल तर तो ई-२०चा शोभेल असा आकडा आहे. गाडीला हात लावू नका. आयडलला +१५ आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय: फाटलेला व्हॅक्युम पाइप, सैल क्लॅम्प, सुकलेलं गॅस्केट. उलट रेस दिल्यावर, चढावर ट्रिम वाढत असेल तर फ्युएल फिल्टर, पंप किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासा. दोनशे रुपयांचा पाइप बदलून जे सुटतं त्यासाठी लोक रिमॅपला हजारो मोजतात, हे खटकतं.

दुसरं यंत्र विकत घ्यायची गरजच नाही, ते पीयूसी सेंटरवर आहे. तिथला गॅस ॲनालायझर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून लॅम्डा काढतो. लॅम्डा १ म्हणजे मिक्चर बरोबर, १च्या वर लीन, खाली रिच. बीएस-४ पेट्रोल कारला जास्त आरपीएमवर लॅम्डा ०.९७ ते १.०३ हवा, असा नियमच आहे. सर्टिफिकेट घेऊन निघण्याआधी तो आकडा विचारा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला असला की धूर स्वच्छ दिसतो आणि आतली गडबड झाकली जाते. लॅम्डा मात्र तशी झाकली जात नाही.

तिसरं म्हणजे वाइडबँड लॅम्डा गेज. बॉशच्या एलएसयू ४.९सारखा सेन्सर, कंट्रोलर आणि डायल. खर्च पाच आकडी. कंपनीची सामान्य कार चालवणाऱ्याने हे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी जपणाऱ्यांना आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवणाऱ्यांना मात्र त्याचा खरा उपयोग आहे. कार्बोरेटरला ट्रिम नावाची गोष्ट नाही. जेट शुद्ध पेट्रोलचा असेल तर ई-२०वर मिक्चर सुमारे ७ टक्के लीन होतं, गाडी सकाळी अडखळते आणि हायवेवर तापते. तिथे गेज बघून एक नंबर मोठा जेट टाकणं हाच उपाय.

घेतलंच तर एक खाच लक्षात ठेवा. बरेच गेज १४.७ला 'बरोबर' दाखवतात, टाकीत ई-२० असलं तरी. कारण सेन्सर मोजतो लॅम्डा, आणि गेज त्याला शुद्ध पेट्रोलच्या आकड्याने गुणतं. "ई-२०ला १३.५ हवं" म्हणून गेजवर १३.५ आणलंत तर इंजिन ८ टक्के रिच चालेल, पेट्रोल जास्त जाईल आणि कन्व्हर्टर तापेल. म्हणून डिस्प्ले लॅम्डावर ठेवता येतो ना, हे दुकानातच बघून घ्या. सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी, टोक खाली आणि वायरची बाजू वर अशा तिरक्या बसवणीत हवा, नाहीतर पाइपात साठलेलं पाणी त्याला मारतं. त्याच्या आधी पाइपाला गळती असेल किंवा एखादा प्लग मिस होत असेल, तर न जळलेला ऑक्सिजन बघून गेज खोटंच 'लीन' सांगतं.

रबरी नळ्या आणि सीलवर ई-२०चा काय परिणाम होतो, हा वेगळा विषय. एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांत ई-२०ला चालणारं मटेरियल आहे. त्याआधीच्या गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. सुटणाऱ्या नळीवर कुठलंच ट्यूनिंग चालत नाही, ती बदलावीच लागते.