देवघर आणि शाळा

आमच्या समाजात काही प्रश्न असे आहेत, की ते सहसा कोणी उघडपणे मांडीत नाही. आणि कोणी मांडलेच, तर ‘एवढीशी गोष्ट, तिचा एवढा बाऊ कशाला?’ असे म्हणून सुशिक्षित मंडळीच त्यांवर पडदा टाकतात. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत सकाळच्या परिपाठाला देवाची प्रार्थना व्हावी काय, दसऱ्याच्या आधी वर्गात सरस्वतीपूजन व्हावे काय, शाळेला नवी खोली बांधली म्हणून तीत सत्यनारायण घालावा काय, हा त्यांपैकीच एक प्रश्न होय. आम्हांला तो क्षुल्लक वाटत नाही. जी शाळा सर्वांच्या पैशाने चालते, तिच्यात कोणत्याही एका धर्माची उपासना होता कामा नये; आणि ती उपासना आमच्या स्वतःच्या घरची असेल, तर ती तेथे होऊ नये हे सांगण्याची जबाबदारी प्रथम आमची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे, जी संस्था सर्वस्वी राज्याच्या पैशाने चालते, तिच्यात धार्मिक शिक्षण देता येत नाही. दानपत्राच्या वा न्यासाच्या अटींनी बांधलेल्या संस्थांचा काय तो अपवाद. ज्या संस्थांना राज्याची केवळ मान्यता किंवा मदत असते, त्यांतही विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून त्याला अशा शिक्षणाला अगर उपासनेला बसविता येत नाही. घटनासमितीत ७ डिसेंबर १९४८ रोजी ह्या विषयावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की सर्वांकडून घेतलेला कर एका धर्मासाठी खर्च करणे न्याय्य नाही; इतके धर्म नांदत असताना प्रत्येकाची सोय शाळेत करणे शक्य नाही; आणि प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा मानीत असल्यामुळे शाळेत त्यांचे एकत्र येणे समाजाला जोडण्याऐवजी तोडील.

यावर कोणी म्हणेल, की ‘शिक्षण’ वेगळे आणि ‘प्रार्थना’ वेगळी. केंद्रीय विद्यालयांतील प्रार्थनेविषयी हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१९ साली तो मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. कायद्याचा कीस न्यायमूर्ती काढोत. आमच्यापुढील प्रश्न त्याहून साधा आहे. तो शेजारधर्माचा आहे.

आमच्या घरोघरी ह्या बाबतीत एक ठरावीक उत्तर तयार असते : ‘अहो, हा धर्म नव्हे, ही संस्कृती आहे.’ ह्या उत्तराची गंमत अशी, की आपला तो संस्कार आणि दुसऱ्याचा तो धर्म, अशी वाटणी त्यात आधीच होऊन गेलेली असते. सरस्वतीपुढे हात जोडले तर ती विद्येची पूजा. परंतु त्याच वर्गात कोणी फातेहा पढविली किंवा येशूची करुणा भाकविली, तर दुसऱ्या दिवशी आम्हीच मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहू. ज्याच्या घरी चंदनाचा वास रोजचाच, त्याला तो जाणवत नाही, इतकेच. त्यावरून चंदनाला वासच नाही असे सिद्ध होत नाही.

आणि ही वेदना आमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असेही नाही. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेतील दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले व अनेक पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री ह्यांनी धर्मांतर केले, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास राहिला. न्यायालयाने त्या मुलाला पित्याच्या स्वाधीन केले, आणि त्याला जातीत परत घ्यावे म्हणून खटपट करताना बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. अक्षरओळखीसाठी पाठविलेले मूल दुसऱ्याच्या देवापुढे नेले जाते, हे त्या बापांचे दुःख खोटे होते काय? सरकारी शाळांतील शिक्षण धर्मापासून अलिप्त असावे, हे १८५४ च्या खलित्यातील तत्त्व आमच्या मुलांना ढालीसारखे उपयोगी पडले. तीच ढाल आज दुसऱ्याच्या मुलाला हवी आहे, तर ती आम्हांला एकाएकी जड का वाटावी?

‘पण आम्ही सक्ती कोठे करतो? ज्याला नको, त्याने गप्प उभे राहावे.’ हे दुसरे उत्तर पहिल्याहून अधिक निर्दय आहे. कारण ते उदार दिसते. आठ वर्षांच्या मुलाने, साठ मुलांच्या रांगेत, गुरुजींच्या डोळ्यांसमोर, आपले दोनच हात खाली ठेवावेत, अशी अपेक्षा आपण करतो. एवढे धैर्य आमच्यापैकी किती प्रौढांच्या अंगी आहे? नाशिककडील एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, त्याचा परिणाम त्याच्या वेतनश्रेणीवर झाला, आणि तशी सक्ती करता येणार नाही हे वदवून घेण्यासाठी त्याला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल २०१३ साली त्याच्या बाजूने लागला. जे मिळविण्यासाठी मोठ्या माणसाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, ते तिसरीतल्या मुलीने एकटीने मिळवावे, असे म्हणणे ही थट्टा आहे.

महाराष्ट्रात तर ह्या प्रश्नाला एक विशेष धार आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्या लक्षावधी लोकांनी बौद्धधम्म स्वीकारला, त्यांनी राम, कृष्ण, गौरी, गणपती आदी देवतांची उपासना करणार नाही, अशा प्रतिज्ञा जाहीरपणे घेतल्या. त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्याच सरकारी शाळांत शिकतात. त्यांना गजाननापुढे हात जोडावयास लावणे म्हणजे आजीने जन्मभर पाळलेली प्रतिज्ञा नातीकडून रोज सकाळी मोडून घेणे होय. आणि हे कोण करते? ज्यांची स्वतःची मुले बहुधा त्या शाळेत नसतात, ते देणगीदार आणि प्रतिष्ठित गृहस्थ. आमची मुले शहरातल्या इंग्रजी शाळेत. आमचा सत्यनारायण मात्र गरिबांच्या शाळेत!

काही सज्जन मधला मार्ग सुचवितात : सर्व धर्मांच्या प्रार्थना आळीपाळीने म्हणाव्यात. हेतू चांगला आहे. परंतु ज्याला दुसऱ्याची उपासना करावयाची नाही, त्याच्यावर एकाऐवजी पाच सक्त्या येतात, आणि ज्याला कोणताच देव मान्य नाही, तो पुन्हा रांगेबाहेरच राहतो. शिवाय ही बेरीज कोठे थांबवावयाची, हे कोण ठरविणार?

आमचे म्हणणे असे मात्र मुळीच नाही, की शाळेत धर्माचे नावही निघू नये. ज्ञानेश्वर, कबीर, बुद्ध, महंमद, येशू ह्यांची ओळख नसलेला विद्यार्थी अर्धशिक्षितच होय. धर्मांविषयी शिकविणे आणि धर्म शिकविणे, ह्यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केला आहे. तुकोबांचा अभंग मराठीच्या तासाला जरूर शिकवावा, तो समजावा, त्यावर वाद व्हावा. हात जोडणे मात्र घरी, देवळात, मशिदीत, विहारात होऊ द्यावे. यात धर्माचेही हितच आहे. घंटा वाजली की उभे राहून म्हणावयाची प्रार्थना ही लवकरच कवायत होते, आणि कवायतीतून भक्ती उपजल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

‘मग मुलांना एकत्र बांधणारे काय उरले?’ असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत बसविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे नाना जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीला जेवत. ज्या देशात पंक्तिभेद हाच धर्म मानला गेला, त्या देशात ती पंगत कोणत्याही प्रार्थनेहून मोठी होती. आजही सरकारी शाळेत दुपारी खिचडीची ताटे घेऊन मुले ओळीने बसतात, तेव्हा कोणाला कोणाचे कुलदैवत विचारावे लागत नाही.

वाचकहो, येत्या दसऱ्याला गावच्या शाळेसाठी तुमच्याकडे वर्गणी मागावयास कोणी आले, तर ती जरूर द्या. परंतु ती पूजेसाठी नव्हे, पुस्तकांच्या कपाटासाठी आहे, असे बजावून द्या. देवघर प्रत्येकाचे आपापल्या घरी आहेच, आणि तेथे त्याला कोणी हात लावीत नाही. सर्वांचे मिळून घर असे एकच आहे, ते शाळेचे. त्याच्या दारात एकाही मुलाला परके वाटता कामा नये.