लोकशाही मालाच्या जहाजातून येत नाही

चीनमध्ये लोकशाही यावी, असे अमेरिकेचे राज्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले. पण त्यांचे बोलणे एक आणि करणे दुसरेच राहिले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

४ जून १९८९ रोजी बीजिंगमध्ये लष्कराने निःशस्त्र विद्यार्थी व कामगारांवर गोळ्या झाडल्या. गॅलपच्या पाहणीत त्या वर्षाच्या आरंभी ७२ टक्के अमेरिकनांचे चीनविषयी चांगले मत होते. ऑगस्टमध्ये ते ३४ टक्क्यांवर आले. सामान्य माणसाला चीड आली. राज्यकर्त्यांना आली काय? थोरल्या बुश यांनी वरकरणी निर्बंध घातले आणि जुलैमध्येच आपले सल्लागार स्कोक्रॉफ्ट यांना गुपचूप बीजिंगला धाडले. त्यावर टीका करीत क्लिंटन निवडून आले. १९९३ साली त्यांनी व्यापारी सवलतींना मानवी हक्कांची अट घातली आणि १९९४ साली स्वतःच ती काढून टाकली. या वर्षभरात चीन सुधारला होता काय? मुळीच नाही. अमेरिकन कंपन्यांना तेथील बाजारपेठ हवी होती, एवढेच! डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. व्यापाराच्या मागोमाग स्वातंत्र्य येईल, असे जगाला सांगण्यात आले.

माल आला, नफा आला. स्वातंत्र्य आले नाही. लोकशाही सुधारणांची ‘सनद ०८’ मांडणाऱ्या लिऊ शियाओबो यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. २०१० साली नोबेल मिळाले, तेव्हा ते तुरुंगात होते. २०१७ साली पहाऱ्यातच त्यांना मरण आले. २०१८ साली अध्यक्षपदाची मुदतमर्यादा रद्द झाली. २०२० साली हाँगकाँगवर सुरक्षा कायदा लादला गेला.

आता अमेरिकन जनमत पुरते फिरले आहे. प्यूच्या २०२३ च्या पाहणीत ८३ टक्क्यांनी चीनविषयी प्रतिकूल मत दिले. परंतु सत्तेवरचा राग माणसांवर निघाला, तर तो न्याय नव्हे. कोरोनाच्या काळात अमेरिकेतील आशियाई वंशाच्या निरपराध नागरिकांवर हल्ले झाले. २०२१ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. चीनचे सरकार आणि चीनची जनता, हा फरक विसरणाऱ्यांनी हुकूमशाहीलाच बळ दिले.

आम्ही ना वॉशिंग्टनचे, ना बीजिंगचे. आम्ही तेथील तुरुंगात डांबलेल्यांच्या बाजूचे आहोत. हक्क व्यापाऱ्यांच्या मेहेरबानीने मिळत नसतात; ते ज्यांचे त्यांनाच लढून मिळवावे लागतात. लढणाऱ्यांचा सौदा करू नये, एवढे तरी जगाने पाळावे!