दूध तुटलेल्या सशाच्या पिल्लाला मक्यावर वाढवू नका

शिरूर-दौंडच्या ससेपालक बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे गोठे आणि पोल्ट्री शेड गावोगाव आहेत. मक्याचा भरडा, कोंबडीखाद्य हाताशी असतं. आईपासून तोडलेल्या पिल्लानं लवकर वजन धरावं म्हणून तेच त्याच्या पुढ्यात पडतं. कळकळीची विनंती आहे, ही सवय मोडा.

साधारण 30 ते 35 दिवसांनी पिल्लाचं दूध तुटतं. तेव्हा स्टार्च पचवणारा रस त्याच्या पोटात अजून पुरेसा तयार होत नसतो. न पचलेला स्टार्च लहान आतड्यातून पुढे सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत उतरतो. तिथले जंतू एरवी चाऱ्यातले तंतू आंबवून सशाला ताकद देतात. स्टार्च वाढून तंतू घटले, की आतडं मंदावतं, घातक जंतू माजतात, पोट फुगतं आणि पाण्यासारखी हगवण लागते. अशी पिल्लं एका रात्रीतही दगावतात.

मक्याचा खुराक जास्त पचतो, तंतूंचा कमी, हे खरं आहे. पण नफा शेवटपर्यंत जगलेल्या पिल्लांवरच मोजायचा असतो.

या वयात एकूण आहारात स्टार्च 14 टक्क्यांच्या आसपासच ठेवावा. मक्यात जवळजवळ 65 टक्के स्टार्च असतो. म्हणजे किलोभर खाद्यात 200 ग्रॅम मका घातला, की 130 ग्रॅम स्टार्च त्यातूनच आला, कोंड्यातला वेगळाच. म्हणून मका 100 ग्रॅमवर आणा. सावलीत सुकवलेला लसूणघास किंवा वाळलेलं गवत दिवसरात्र समोर असू द्या. खुराक बदलायचा तर आठवडाभरात हळूहळू बदला. पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाल्यावर धान्य थोडं वाढवता येतं.

कोंबडीखाद्य तर देऊच नका. त्यात मका भरपूर असतो, शिवाय कोंबड्यांसाठी मिसळलेली काही औषधं सशाला विषारी ठरतात.

हगवण दिसली की धान्य थांबवा, वाळलेलं गवत आणि स्वच्छ पाणी ठेवा, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना गाठा. घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी पाजू नका. तिनं सशाचं पोट आणखी बिघडून जीव जातो.

पुढच्या वेताची पिल्लं तोडाल, तेव्हा वहीत खुराक, दर आठवड्याचं वजन आणि मरतूक लिहून ठेवा. मका कमी केल्यानं काय फरक पडला, ते तुमच्याच आकड्यांत दिसेल.