धूर बॉनेटमधला, डाग जमिनीवरचा

मे महिन्यातली दुपार. हावडा पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत असते. अचानक एका पिवळ्या अँबॅसडर टॅक्सीच्या बॉनेटमधून पांढरा लोट उठतो. खाली रस्त्यावर पाणी टपकू लागते. मागे बसलेली मंडळी घाबरून दार उघडतात. चालक मात्र शांत! गाडी कडेला घेऊन तो इंजिन बंद करतो, वाफ ओसरल्यावर बॉनेट उघडतो आणि रेडिएटरच्या झाकणाला हातही न लावता मातीच्या भांड्यातला चहा घेत उभा राहतो.

कोलकात्याने हे दृश्य वर्षानुवर्षे पाहिले. शहरालगत उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात अँबॅसडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालू होते. आता या टॅक्सी झपाट्याने कमी झाल्या आहेत. पण तापलेली गाडी कशी हाताळावी, याचा त्यांच्या चालकांनी घालून दिलेला धडा नव्या गाड्यांनाही लागू पडतो.

वाफ की धूर?

आधी नाकाचा उपयोग करावा. पांढरा, ओलसर आणि किंचित गोडसर वासाचा लोट म्हणजे कूलंटची वाफ. निळसर धूर आणि कढईत तेल करपल्यासारखा वास आला, तर इंजिन ऑइल गरम भागावर पडते आहे. रबर किंवा प्लास्टिक जळाल्याचा उग्र वास वायरिंगकडे बोट दाखवतो.

पेट्रोलचा वास आला तर मात्र तपास करीत बसू नये. इंजिन बंद करून सर्वांनी खाली उतरावे, लांब जावे आणि गाडी पुन्हा सुरू करू नये. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट उघडू नये. हवा मिळून आग भडकते. अग्निशमन दलाला १०१ वर बोलवावे.

डाग काय सांगतो?

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग दिसला तर बहुधा कूलंट. तपकिरी-काळा, चिकट डाग इंजिन ऑइलचा. लालसर तेल पॉवर स्टिअरिंगचे किंवा ऑटोमॅटिक गिअरचे असू शकते. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, निसरडा द्रव दिसला तर ते ब्रेक ऑइल समजावे आणि गाडी जागची हलवू नये. एसी चालवल्यावर पडणारे स्वच्छ पाणी मात्र निरुपद्रवी असते.

कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून ते दूर ठेवावे व सांडलेले लगेच धुऊन टाकावे.

धूर आहे, डाग नाही!

इथेच बहुतेकांची फसगत होते. टॅपेट कव्हरचे गॅस्केट खराब झाले की ऑइल झिरपून एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपवर पडते आणि तिथेच जळून जाते. जमिनीवर थेंबही पडत नाही. कूलंटचेही तसेच होते. उलट, चालत्या गाडीत वाऱ्याने द्रव मागे ढकलला जातो. म्हणून डाग मध्यभागी आणि गळती पुढे, असेही घडते.

यावर उपाय सोपा आहे. इंजिन थंड असताना ते कापडाने स्वच्छ पुसावे, दहा मिनिटे चालू ठेवावे आणि ताजी ओल कुठे येते ते पाहावे. शोध डागापासून वर वर न्यावा. रेडिएटरचे होज, त्यांच्या क्लिपा आणि वॉटर पंप क्रमाने तपासावेत. पदर, ओढणी, बोटे पंख्यापासून दूर ठेवावीत. नव्या गाड्यांचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू लागतो. अँबॅसडरसारख्या जुन्या गाडीत फॅन बेल्टही बघावा. तो तुटला तर वॉटर पंपही थांबतो.

झाकणाला हात नको

रेडिएटर म्हणजे शिट्टी न झालेला कुकरच. आतल्या दाबामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते. म्हणून किमान अर्धा तास थांबावे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर जाड कापड ठेवून झाकण हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतले तर ब्लॉक किंवा हेडला तडा जाऊ शकतो.

ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर हेड गॅस्केट फुटून त्यात पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. अशी गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.

तापमानाचा काटा लालकडे झुकल्यावरही ‘घर जवळच आहे’ म्हणून रेटलेले दोन किलोमीटर अख्खे इंजिन खाऊ शकतात. त्यापेक्षा रस्त्याच्या कडेला घेतलेला एक चहा फार स्वस्त पडतो.