खताबरोबर मातीत काय जाते?

मिरग जवळ आला की आपल्याकडे कलमांच्या आळ्यांत खत पडू लागते. घरची गायरी पुरत नाही, म्हणून पोल्ट्रीचे कोंबडीखत विकत येते. खत घालणे योग्यच. जांभ्या जमिनीला सेंद्रिय खताशिवाय गत्यंतर नाही. पण त्या खताबरोबर मातीत आणखी काय जाते, हे आपण विचारत नाही.

जनावराला दिलेले प्रतिजैविक सगळे अंगात जिरत नाही. त्याचा बराच भाग शेणामुतातून तसाच बाहेर पडतो. खाद्यात मिसळलेले जस्त व तांबेही बहुतांशी विष्ठेतच उतरते. असे खत कच्चेच शेतात गेले की औषधाचे काम मातीतही चालू राहते. शेण कुजवणारे, पिकाला नत्र मिळवून देणारे जिवाणू मार खातात आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. ही चिवट जात पाण्यातून माणसापर्यंत आली, तर दवाखान्यातले इंजेक्शनही लागू पडायचे नाही. याच धास्तीने केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना व अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर बंदी घातली.

औषध निदान कुजते तरी. धातू कुजत नाही. इंग्लंडात वोबर्न येथे १९४२ ते १९६१ या काळात शेतात शहरी सांडपाण्याचा गाळ घातला होता. त्यात जस्त, तांबे, कॅडमियम होते. गाळ बंद होऊन वीस वर्षे उलटली तरी तिथे क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी नीट येईनात. आपण भातानंतर वाल, कुळीथ घेतो ते अशाच गाठींच्या भरवशावर. त्यात आपली माती आम्लधर्मी, म्हणजे धातू जास्त विरघळणार. सुपारीवर बोर्डो मारतो, त्या मोरचुदाचे तांबेही शेवटी जमिनीतच उतरते.

यावर उपाय घरचेच आहेत. कोंबडीखत आणले की लगेच आळ्यात ओतू नका. पालापाचोळा, भाताचा पेंढा मिसळून ढीग लावा, ओल राखा, दर पंधरवड्याला उलथा. आत हात ठेववत नाही इतका ढीग तापला पाहिजे. असे दोन-तीन महिने कुजू द्या. पावसाचे पाणी ढिगात शिरू नये, ढीग विहिरीपासून लांब असावा. दगडी झालेल्या गाईला इंजेक्शन दिले, तर तिचे शेण काही दिवस वेगळे टाका. औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका.

धातू मात्र कुजवूनही जात नाही. म्हणून मृद आरोग्य पत्रिकेवरचे जस्त व तांब्याचे आकडे वाचा. ते कमी आहेत का, एवढेच आपण बघतो. दर खेपेला वाढत चाललेत का, हेही बघा. ग्रामपंचायतीने आणि कृषी कर्मचाऱ्यांनी हे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. खत विकत घेताना भाव विचारता, तसे कोंबड्यांना काय खायला घातले तेही विचारा. एकदा जमिनीत गेलेले तांबे परत काढता येत नाही, बाबांनो.