दुसऱ्या हीटमधला हिरो

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो, पण मुहूर्त लागत नव्हता. परवा मँचेस्टरहून एका जुन्या मित्राचा फोन आला आणि विषय पुन्हा डोक्यात बसला. हा मित्र म्हणजे माझा स्विंडनचा रूममेट. आता तो बायकामुलांसकट मँचेस्टरलाच असतो आणि पोराला घेऊन बेल व्ह्यूला स्पीडवे बघायला जातो. फोनवर साहेब भलतेच खुशीत. "अरे, एक अठरा वर्षांचा पोरगा आहे, खालच्या लीगमध्ये आठची सरासरी आहे त्याची! लिहून घे, पाच वर्षांत वर्ल्ड चॅम्पियन."

मी म्हटलं, "कुठल्या नंबरवर चालवतो?"

"म्हणजे?"

इथेच गोची आहे.

ज्यांना स्पीडवे म्हणजे काय ते माहीत नाही (आपल्याकडे बहुतेकांना नसतंच, मलाही २००६ मध्ये ऑनसाइट जाईपर्यंत नव्हतं), त्यांच्यासाठी थोडक्यात. लंबगोल, भुसभुशीत ट्रॅक. चार मोटरसायकली, चार फेऱ्या, साधारण मिनिटभरात खेळ खल्लास. ५०० सीसीचं इंजिन, एकच गिअर, आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचं चाक घसरवत, डावा पाय जमिनीला टेकवत गाडी तिरकी न्यायची. इंधन मिथेनॉल, आणि इंजिनात एरंडेलापासून केलेलं तेल, त्यामुळे स्टेडियमभर एक गोडसर जळका वास. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल आठवून मला पहिल्या दिवशी मळमळलंच होतं :) नंतर त्याच वासासाठी दर गुरुवारी ऑफिसातून लवकर सटकायला लागलो.

स्विंडनचं ॲबी स्टेडियम गावाबाहेर ब्लन्सडनला. प्रवेशद्वारावर प्रोग्रॅम विकत मिळायचा. त्यात प्रत्येक हीटसमोर रिकामे चौकोन असतात आणि प्रेक्षक पेनाने त्यात गुण भरत बसतात. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. एका मॅचला पंधरा हीट. माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, त्यांची कित्येक वर्षांची प्रोग्रॅमची चळत घरात होती म्हणे. त्यांना मी कौतुकाने सांगितलं, अमुक रिझर्व्ह पोराने आज बारा गुण काढले. त्यांनी माझ्या प्रोग्रॅममधल्या दुसऱ्या हीटवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आधी हे वजा कर." तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

ब्रिटिश लीगमध्ये संघात सात जण. शेवटचे दोन नंबर रिझर्व्हचे, म्हणजे संघातले सगळ्यात कच्चे. दुसरी हीट ही दोन्ही संघांच्या रिझर्व्हची आपापसातली. पोलंडमध्येही दुसरी हीट ज्युनियर्सचीच. म्हणजे पोराला मॅचमधली एक शर्यत अशी मिळते जिच्यात समोर सगळे त्याच्यासारखेच. हे चांगलंच आहे, नाहीतर पोरं शिकणार कुठे? पण तिथले तीन गुण आणि वर्ल्ड चॅम्पियनला मागे टाकून काढलेले तीन गुण सरासरीच्या हिशेबात एकाच भावाने मोजले जातात.

वर बोनस गुणाची भानगड. आपलाच जोडीदार पुढे आहे, त्याच्या लगेच मागे तुम्ही आणि प्रतिस्पर्धी तुमच्या मागे, तर तुम्हाला एक बोनस. सरासरीत तोही धरतात. आता समजा पोराने दुसऱ्या हीटमध्ये ३ काढले, पुढच्या वेळी स्टार जोडीदाराच्या मागोमाग येऊन २ अधिक १ मिळवले, मग एक भोपळा, मग एक गुण. झाले ७. ब्रिटिश पद्धतीत सरासरी चार शर्यतींमागे काढतात, म्हणजे सरासरी बरोब्बर सात. त्याच मॅचमध्ये दुसरा एक पोरगा वरच्या नंबरवर चालवतोय, समोर दर वेळी मोठे खेळाडू, त्याने काढले १, २, १, २. सरासरी सहा. कागदावर पहिला पुढे. मला विचाराल तर मी दुसऱ्याला घेईन, डोळे झाकून.

पोलंडचे आकडे बघून तर नवशिका पार गोंधळतो. तिथे सरासरी एका हीटमागे काढतात. त्यामुळे पोलंडचा २.०० म्हणजे इंग्लंडचा ८.००. चारने गुणा, झालं, एवढं सोपं. पण गुणल्यावर एकक सारखं होतं, खेळ सारखा होत नाही! पोलंडच्या एक्स्ट्रालिगामध्ये जगातले बहुतेक सगळे अव्वल खेळाडू, कारण पैसा तिथे आहे. इंग्लंडमधले काही ट्रॅक तीनशे मीटरच्याही आतले, वळणं आवळलेली. पोलंडमधले बरेचसे लांब, वेगवान. छोट्या ट्रॅकवर चपळाईने गुण काढणारा पोरगा तिकडे सरळ रेषेतच मार खातो. आपल्या भाषेत सांगायचं तर कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवरची सरासरी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचा संघ निवडण्यासारखं आहे.

इंग्लंडमध्ये खालच्या लीगमधून वर येणाऱ्याची सरासरी बदलून घ्यायला नियमपुस्तकात ठरावीक हिशेब असतो. प्रशासनाच्या सोयीसाठी ठीक आहे. पण सरसकट एकाच गुणकाने सगळ्यांना गुणायचं, मग तो दुसऱ्या हीटमधला हिरो असो की पहिल्या नंबरवर रडतखडत गुण काढणारा असो, याला रूपांतर म्हणायचं का, हा प्रश्नच आहे.

आणि खरी गंमत (की शोकांतिका?) पुढे आहे. ही सरासरी नुसती शोभेची नाही. सगळ्या खेळाडूंच्या सरासरीची बेरीज एका मर्यादेत बसवूनच ब्रिटिश क्लबला संघ बांधावा लागतो. त्यामुळे क्लबला कोण हवा असतो? ज्याची सरासरी कमी आहे, पण खरी ताकद जास्त आहे, असा. एखादा पोरगा वर्षभर घाम गाळून चारावरून साडेसहावर गेला की पुढच्या हंगामात तो 'महाग' झाला. त्याचाच क्लब म्हणतो, बाबा रे, तू आता आमच्या बेरजेत बसत नाहीस. प्रगती केली म्हणून जागा गेली! ज्या आकड्याने प्रगती मोजायची त्याच आकड्यावर रोजीरोटी ठरवली की आकडा मोजमाप म्हणून निकामी होतो. ऑफिसात अप्रेझलच्या बेल कर्व्हखाली वर्षानुवर्षं काढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. मेंटेनन्स प्रोजेक्टवर शांतपणे 'एक्सीड्स' मिळवणारे आणि आग लागलेल्या प्रोजेक्टवर जाऊन 'मीट्स' घेऊन येणारे, दोन्ही प्रकार मी पाहिलेत. असो, तो विषय पुन्हा कधीतरी.

पोलंडमध्ये कडा वेगळी आहे. तिथे संघात ज्युनियर ठेवणं सक्तीचं, त्यामुळे एकवीस वर्षांपर्यंत पोलिश पोराला जागा राखीव. एकविशी संपली की तोच पोरगा, तीच गाडी, पण आता त्याला जगभरच्या खेळाडूंशी झगडून जागा मिळवायची. २०२१ पासून एक्स्ट्रालिगाने चोवीसच्या आतल्या एका खेळाडूची जागा ठेवली, २०२२ पासून चोवीसच्या आतल्यांची वेगळी लीगही सुरू झाली. म्हणजे कडा पूर्वीइतकी सरळसोट राहिली नाही. पण चोवीसाव्या वर्षाची जागा परदेशी खेळाडूंनाही खुली आहे, त्यामुळे पोलिश पोराला उडी मारावी लागतेच.

बरं, मग लीगची सरासरी सोडा, २१ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेवर विसंबावं का? तिथे तरी सगळे एकमेकांसमोर असतात. मी एका रविवारी बसून यादी ताडून बघितली. २००१ ते २०२५ या काळात सीनियर वर्ल्ड चॅम्पियन झालेली माणसं एकूण दहा: रिकार्डसन, क्रम्प, निकी पेडरसन, गोलोब, हॅनकॉक, ख्रिस होल्डर, वॉफिंडन, डॉयल, झ्मार्झलिक आणि लागुता. यातले ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन किती? दोन. जेसन क्रम्प (१९९५) आणि बार्तोश झ्मार्झलिक (२०१५). बाकी आठ जणांना ज्युनियर गटात ते पदक मिळालंच नव्हतं.

झ्मार्झलिक हा अपवादच म्हणायचा. २०१२ मध्ये गोझुफच्या घरच्या ट्रॅकवर ग्रां प्रिमध्ये वाइल्ड कार्डवर उतरला, वय सतरा, आणि थेट तिसरा आला. पुढे २०१९ पासून २०२५ पर्यंत सहा वेळा जगज्जेता. असं पोर दिसलं की सरासरी-बिरासरी बघायची गरजच नसते. पण त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्या सतरा वर्षांच्या पोरांना मोजणं हा अन्याय आहे.

उलट टाय वॉफिंडन बघा. २००६ मध्ये तिसऱ्या पायरीच्या लीगमधून सुरुवात, भराभर वर, आणि २०१० मध्ये एकोणिसाव्या वर्षी ग्रां प्रिमध्ये. त्याच वर्षी वडील कॅन्सरने गेले. हंगामाच्या शेवटी तो तळाच्या रांगेत. तेव्हा झालेली चर्चा आठवते मला, 'फुगा फुटला' वगैरे. २०१३ मध्ये पुन्हा संधी मिळाली आणि हा गडी वर्ल्ड चॅम्पियन! आकड्यांच्या तक्त्यात वडील गेल्याचा रकाना नसतो.

आमच्या स्विंडनचंच घ्या. ली ॲडम्सला मी डोळ्यांनी पाहिलंय. १९९२ चा ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन, लीगमध्ये वर्षानुवर्षं दहाच्या वरची सरासरी, गेटवरून सुटला की पाठीमागच्यांनी नुसती धूळ खायची. पण सीनियर विजेतेपद कधीच नाही. २००७ मध्ये दुसरा आला, तेच सर्वोत्तम. आणि जेसन डॉयल? ऑस्ट्रेलियाहून २००५ च्या सुमारास आलेला, अनेक वर्षं दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये या क्लबातून त्या क्लबात. बाविसाव्या वर्षी त्याचं नाव कुठल्याही 'उद्याचे तारे' यादीत नसणार. ग्रां प्रिचा पहिला पूर्ण हंगाम २०१५ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी. २०१६ मध्ये आघाडीवर असताना तोरुन्यला जबर अपघात. २०१७ मध्ये मोडक्या पायाने चालवत वर्ल्ड चॅम्पियन, आणि त्याच वर्षी स्विंडनलाही लीग जिंकून दिली. अगदी ताजं उदाहरण ब्रेडी कर्ट्झचं. त्याच्याच वयाचा, त्याच्याच देशाचा मॅक्स फ्रिक २०१६ मध्ये ज्युनियर चॅम्पियन होता, तेव्हा कर्ट्झकडे कोण बघत होतं? २०२४ मध्येही कर्ट्झ पोलंडच्या दुसऱ्या लीगमध्ये होता. २०२५ मध्ये ग्रां प्रिच्या शेवटच्या पाच फेऱ्या लागोपाठ जिंकून तो झ्मार्झलिकच्या एका गुणाने मागे राहिला. एका!

मग मोजायचंच नाही का? तसं नाही. मी एकदा प्रोग्रामरगिरी करून बघितली होती. प्रत्येक हीटमध्ये चार जण, म्हणजे सहा जोड्या. त्यातल्या दोन जोड्या जोडीदारांच्या, त्या सोडून द्यायच्या, कारण जोडीदार कधी मुद्दाम थांबून दुसऱ्याला सांभाळून नेतो. उरल्या चार. पंधरा हीटच्या मॅचमध्ये साठ 'कोणी कोणाला हरवलं' नोंदी. बुद्धिबळाच्या रेटिंगसारखं त्यावरून गणित करायचं. लीग वेगवेगळ्या असल्या तरी बडे खेळाडू सोमवारी इंग्लंड, मंगळवारी स्वीडन, शुक्रवार-रविवार पोलंड असे फिरतात, त्यामुळे लीग एकमेकींना जोडलेल्या राहतात. वरच्या पन्नासेक जणांसाठी हे झकास चालतं. पण तिसऱ्या पायरीवरचा सोळा वर्षांचा पोरगा या जाळ्याला एखाद-दुसऱ्या धाग्याने लटकलेला असतो. ज्या पोरांविषयी खरं जाणून घ्यायचंय, त्यांच्याच बाबतीत उत्तर सगळ्यात डळमळीत!

एवढा आटापिटा कशाला, खेळच तर आहे, असं कुणी म्हणेल. पण या खेळात ब्रेक नाहीत. १९९९ चा ज्युनियर चॅम्पियन ली रिचर्डसन २०१२ मध्ये वरोत्स्वाफच्या ट्रॅकवर गेला. २००९ आणि २०१० चा चॅम्पियन डार्सी वॉर्ड २०१५ च्या अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे. हे रँकिंगमुळे झालं असं मी मुळीच म्हणत नाही, दोघेही मुरलेले खेळाडू होते. पण ज्या खेळात अशी किंमत मोजावी लागते तिथे अठरा वर्षांच्या पोराला 'आठची सरासरी आहे, चढव वरच्या लीगमध्ये' म्हणताना तो आठ कशाचा बनलाय हे बघायला नको? आणि 'एकविशी झाली, चारच्या पुढे जात नाही, काढून टाक' म्हणताना डॉयल आठवायला नको?

ॲबी स्टेडियममध्ये २०१९ नंतर स्पीडवे झालेलं नाही. आजोबांच्या त्या प्रोग्रॅमच्या चळतीचं काय झालं कोण जाणे.

मित्राला मी तीनच गोष्टी बघायला सांगितल्या. बाहेरच्या ट्रॅकवर किती गुण. दुसरी हीट सोडून किती गुण. आणि पडल्यानंतरच्या महिन्यात गेटवरून सुटताना हात आखडतो का. "पोराला सांग, दुसरी हीट पेन्सिलीने भर आणि बाकीच्या पेनाने. हंगाम संपला की फक्त पेनाची बेरीज कर."

काल त्याचा मेसेज आला. मुलगा विचारतोय, रिझर्व्ह पोराने दुसऱ्या हीटमध्ये ट्रॅक रेकॉर्ड केला तर पेन की पेन्सिल?

अजून उत्तर दिलेलं नाही.